विसण

'विसण' हा शब्द माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी फक्त आजीच्या तोंडून ऐकलाय. कढत पाण्यात, ते अंगावर घेण्याजोगं व्हावं म्हणून, जे गार पाणी घालायचं ते विसण. "आधी विसण घाल, मग हात घाल," असं वाक्य बंबाच्या जमान्यात घराघरात रोज एकदा तरी म्हटलं जात असणार. इंग्रजीत यासाठी एक सुटसुटीत शब्द मला तरी सापडला नाही. मग या शनिवारी डोक्यात आलं, की अख्ख्या जगानं आंघोळीच्या पाण्याला विसण घालण्यासाठी काय काय खटाटोप केलेत ते एकदा शोधून काढूया.

खरं कारण अर्थात व्यावहारिक आहे. घरातली बाथरूम फोडायची आहे आणि थर्मोस्टॅटिक मिक्सर घ्यायचा की साधा, यावर आमच्याकडे गेले दोन आठवडे परिसंवाद चालू आहे. प्लंबरकाकांचं मत, "साहेब, फुकटचा खर्च आहे." दुकानदाराचं मत, "सर, हल्ली सगळे हेच घेतात." या दोन मतांच्या मध्ये सत्य कुठेतरी असावं असं मानायची पद्धत आहे. पण इंजिनीअर माणसानं मतांची सरासरी काढू नये, स्पेक वाचावा. आणि स्पेक असा का आहे हे कळायला इतिहास वाचावा लागतो.

तर मंडळी, सुरुवात १८६८ पासून. लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉघन नावाच्या रंगकाम करणाऱ्या गृहस्थानं गॅसवर चालणाऱ्या पाणी तापवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याला नाव दिलं 'गीझर'. आइसलंडमध्ये गायसिर नावाचा उकळत्या पाण्याचा झरा आहे, मधूनच हवेत उसळणारा, त्यावरून. आता गंमत बघा. अमेरिकन माणसाला आज गीझर म्हटलं की यलोस्टोनचे झरे आठवतात. आपल्याकडे मात्र तो शब्द विजेच्या पंधरा लिटरच्या पांढऱ्या पिंपाला चिकटून बसलाय. मॉघनच्या यंत्राला धूर बाहेर जायला नळकांडंच नव्हतं. बंद न्हाणीघरात गॅस जळत राहायचा. आपल्याकडे अजूनही हिवाळ्यात गॅस गीझरमुळे बंद बाथरूममध्ये गुदमरून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, म्हणजे हा बग दीडशे वर्षांहून जुना आहे. नळकांडं तर आपल्या तांब्याच्या बंबालासुद्धा होतं! मधून जाळ, भोवती पाणी, वरून धूर बाहेर. ढलप्या, करवंट्या, शेणी, काय मिळेल ते खाणारं यंत्र. रशियन सामोवारची आणि त्याची घडण जवळपास सारखीच.

त्याच १८६८ साली, त्याच लंडनमध्ये, जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं रॉयल सोसायटीला 'ऑन गव्हर्नर्स' हा निबंध सादर केला. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप ताब्यात ठेवणारी यंत्रं कधी स्थिर राहतात आणि कधी हेलकावे खात सुटतात, याचं गणित त्यात आहे. कंट्रोल थिअरी ज्यांनी तिसऱ्या वर्षाला कशीबशी काढली त्यांना हा निबंध कुठून सुरू झाला ते आठवत असेल. मॉघनला मॅक्सवेल माहीत असण्याचं कारण नाही. पण गीझरमधून पाणी गरम येऊ लागल्यावर जो प्रश्न उभा राहिला तो मॅक्सवेलच्याच जातीचा होता.

साध्या शॉवरखाली उभे राहून आठवा. पाणी गार आहे, म्हणून तुम्ही गरमचा नळ आणखी सोडता. काही होत नाही, कारण गरम पाणी अजून पाइपात आहे. म्हणून आणखी सोडता. पाच सेकंदांनी ते सगळं एकदम डोक्यावर येतं. मग ओरडून गारचा नळ सोडता, तोही जास्तच. हा शुद्ध फीडबॅक लूप आहे, मध्ये लॅग असलेला, आणि कंट्रोलर म्हणजे डोळ्यात साबण गेलेले तुम्ही. लॅग जितका मोठा आणि माणूस जितका उतावळा, तितके हेलकावे मोठे. बादलीला हा रोग कधीच नव्हता. बादलीत पाणी आधी कालवलं जातं, मग हातानं बघितलं जातं, आणि मग अंगावर येतं. चाचणी आधी, रिलीज नंतर. शॉवरनं टेस्टिंगची पायरीच काढून टाकली :-)

म्हणजे हवं होतं असं यंत्र, जे पाणी अंगावर पडायच्या आधी, मिसळल्या जागीच, तापमान बघेल आणि लगेच विसण कमीजास्त करेल. तापमान बघून आपणच झडप हलवणारं यंत्र माणसानं गीझरच्या अडीचशे वर्षं आधी केलेलं होतं. कॉर्नेलिस ड्रेबेल हा डच माणूस. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या पदरी होता. १६२०च्या दशकात थेम्स नदीत पाणबुडी चालवून दाखवली म्हणून त्याचं नाव घेतात, पण माझ्या मते त्याचं खरं कर्तृत्व म्हणजे अंडी उबवायची भट्टी. भट्टीत अल्कोहोल भरलेली नळी. ऊब वाढली की अल्कोहोल फुगून पाऱ्याला वर ढकलणार, पाऱ्यावरची दांडी उचलली जाणार आणि धुराड्याची झडप मिटणार. जाळ मंदावला की उलटं. कोणी राखणीला बसायची गरज नाही. पिल्लांसाठी जे जमलं ते माणसांच्या आंघोळीसाठी जमायला तीनशे वर्षं जावी लागली, कारण भट्टीला घाई नसते आणि शॉवरला असते.

मधल्या काळातली एक पायरी घड्याळातून आली. जॉन हॅरिसन समुद्रावर रेखांश काढण्यासाठी घड्याळ बनवत होता, ऊन-थंडीनं ते मागेपुढे होई. म्हणून तिसऱ्या घड्याळात त्यानं पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या. तापल्यावर पितळ जास्त वाढतं, त्यामुळे पट्टी वाकते. ते घड्याळ १७५९ साली पुरं झालं, एकोणीस वर्षं खपून. (आपला प्रोजेक्ट सहा महिने लांबला तर किती मेल्स येतात!) मग १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं अशाच वाकणाऱ्या पट्टीचा उपयोग करून तापमान राखणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि 'थर्मोस्टॅट' हा शब्दही त्याचाच.

हे यंत्र शॉवरपर्यंत पोचलं ते मात्र श्रीमंतांच्या घरातून नाही. एका वेळी पुष्कळ लोकांना आंघोळ घालायची वेळ जिथे आली, तिथून. फ्रान्समध्ये रूआंच्या तुरुंगात मेरी डेलाबोस्त या डॉक्टरनं १८७२ च्या सुमारास कैद्यांसाठी रांगेनं शॉवर बसवले. टबापेक्षा पाणी कमी, वेळ कमी. बर्लिनच्या डॉक्टर ऑस्कर लासारनं १८८३ च्या आरोग्य प्रदर्शनात कामगारांसाठी सार्वजनिक शॉवरघराचा नमुना मांडला. प्रत्येक जर्मन माणसाला आठवड्यातून एक आंघोळ, ही त्याची मागणी. आपल्याला हसू येतं, पण ज्या देशात पाणी गोठतं तिथे हे क्रांतिकारक होतं. अशा ठिकाणी पन्नास माणसांसाठी एकाच जागी विसण घालायचं म्हणजे एकाचा अंदाज चुकला तर पन्नास जण भाजणार. त्यामुळे आपोआप मिसळणारी झडप पहिल्यांदा हॉस्पिटलं, कारखाने, शाळा यांनी घेतली. अमेरिकेत ऱ्होड आयलंडची लेनर्ड कंपनी १९११ पासून याच धंद्यात आहे.

वाकणारी पट्टी पाण्यात बसवली तर काम करते, पण तिचा जोर कमी. क्षाराचा थर बसला की ती झडप ढकलू शकत नाही. यावरचा उपाय आला मोटारगाडीकडून. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्ने या संशोधकानं मेण वापरलं. हो, मेण. तांब्याच्या एका छोट्या कुपीत पॅराफिन मेण भरायचं, उष्णता भरकन पसरावी म्हणून त्यात तांब्याची पूड घालायची. मेण वितळताना पाच ते वीस टक्के फुगतं आणि कुपीतली दांडी बाहेर रेटतं. मेणाची जात बदलली की वितळायचं तापमान बदलतं, म्हणजे हव्या त्या तापमानाला काम करणारी कुपी बनवता येते. आणि जोर असा की थोडाफार क्षार त्याच्या खिजगणतीत नाही. आज तुमच्या गाडीच्या इंजिनात रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा थर्मोस्टॅट आणि दुकानात चकचकीत क्रोमच्या आत लपलेला शॉवरचा कार्ट्रिज, दोघांच्या पोटात हीच मेणाची कुपी आहे. ना वीज, ना सेल, ना सॉफ्टवेअर. शेवटचा मुद्दा माझ्या पोटावर पाय आणणारा असला तरी मला फार आवडला.

घरगुती नळांची गोष्ट मात्र वेगळ्याच वाटेनं गेली. १९३७ मध्ये अल मोएन नावाचा अमेरिकन कॉलेजविद्यार्थी गॅरेजमधल्या कामानंतर हात धूत होता, दोन तोट्यांच्या नळातून एकदम कढत पाणी आलं आणि हात पोळले. तेव्हापासून तो एकाच दांड्याच्या मिक्सरच्या मागे लागला, आणि मध्ये महायुद्ध येऊन गेल्यावर १९४७ मध्ये तो नळ बाजारात आला. तिकडे १९४२ च्या ऑगस्टमध्ये चर्चिल स्टालिनला भेटायला मॉस्कोला गेला, आणि सरकारी बंगल्यात गरम आणि गार पाणी एकाच तोटीतून मिसळून येतं हे बघून इतका खूश झाला की युद्धाच्या आठवणीत त्यानं ते आवर्जून लिहून ठेवलं. जग जळतंय आणि हा माणूस नळ बघतोय. पण ब्रिटिशांचं कौतुक समजण्यासारखं आहे. त्यांच्याकडे गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं, त्या टाकीत काय पडलंय याचा भरवसा नाही, आणि गार पाणी थेट नगरपालिकेच्या पिण्याच्या लाइनीचं. दोन्ही एकत्र येऊ नयेत म्हणून दोन वेगळे नळ. एकाखाली हात गोठतो, दुसऱ्याखाली भाजतो.

आता जिथे हा विषय चैनीचा राहत नाही तिथे येतो.

१९४७ मध्ये मोरिट्झ आणि हेन्रिक्स या हार्वर्डच्या दोघांनी भाजण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. डुकरांच्या आणि स्वयंसेवक माणसांच्या कातडीवर ठरावीक तापमानाचं पाणी ठरावीक वेळ लावून इजा कधी होते हे त्यांनी मोजलं. आकडे बघून मी दचकलो. ४४ अंश सेल्सिअसला इजा व्हायला सहा तास लागतात. त्यापुढे ५१ अंशांपर्यंत दर एका अंशाला हा वेळ साधारण निम्मा होत जातो. ४९ ला काही मिनिटं मिळतात. ६० ला फक्त पाच सेकंद. म्हणजे 'जरा जास्त गरम' असं काही नसतंच. सोळा अंशांच्या आत सहा तासांचे पाच सेकंद होतात. आणि हे मोठ्या, धडधाकट माणसाचे आकडे. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो.

पाच सेकंदात तुम्ही-मी बाजूला उडी मारू. माझे बाबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे कायमचे राहायला येतायत. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह आहे आणि पावलांची संवेदना बरीच गेलीय. डॉक्टरांनी सांगितलंय की पाण्यात पाय घालून बघायचं नाही, कोपर घालून बघायचं. शॉवरमध्ये, एका हातानं भिंतीचा दांडा धरलेला असताना, कोपरानं कसं बघणार? त्यांना भाजतंय हे कळायलाच पाच सेकंदांहून जास्त लागतील. प्लंबरकाकांच्या 'फुकटचा खर्च' या वाक्यावर माझं डोकं अडलं ते इथे.

"मग गीझरचंच तापमान कमी ठेवा की," हे उत्तर लगेच येतं, आणि ते मूर्खपणाचं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं १९८३ मध्ये कायदाच केला, की नवे गीझर ४९ अंशांवर लावूनच द्यायचे. नळाच्या पाण्यानं भाजून हॉस्पिटलात येणाऱ्या मुलांची संख्या त्यानंतर खरंच घटली. पण याच्या विरुद्ध बाजूला एक दुसरी गोष्ट उभी आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं, आणि त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजारानं दोनशेच्या वर माणसं आजारी पडली. ३४ दगावली. जानेवारी १९७७ मध्ये जंतू सापडला, त्याचं नावच लीजनेला पडलं. तिथे संशय एअरकंडिशनिंगच्या कूलिंग टॉवरवर होता, पण पुढे कळलं की हा जंतू कोमट पाण्याच्या टाक्यांमध्येही मजेत वाढतो, पंचविसापासून पंचेचाळीस अंशांपर्यंत. साठाच्या वर मरतो.

झाली का पंचाईत? साठवायचं तर ६० अंशांना, आणि अंगावर घ्यायचं तर चाळिशीत. दोन रिक्वायरमेंट्स एकमेकींच्या छाताडावर. याला एकच उत्तर उरतं: टाकीत कढत ठेवा आणि वापरायच्या जागी, भरवशाच्या यंत्रानं, विसण घाला. ब्रिटननं हेच केलं. हॉस्पिटलांमध्ये शॉवरचं पाणी ४१ अंशांच्या वर जाऊ न देणाऱ्या झडपा आल्या. नव्या घरांत बाथटबचं पाणी ४८ अंशांच्या वर जाता कामा नये असा नियम स्कॉटलंडमध्ये २००६ ला आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१० ला झाला.

इथे एक खुलासा. दुकानात 'प्रेशर बॅलन्स्ड' नावाचाही मिक्सर दाखवतात, थोडा स्वस्त. तोही जुना आहे, अमेरिकेत पॉल सायमन्सनं १९३९ मध्ये काढलेली कंपनी त्यासाठीच ओळखली जाते. कोणी फ्लश ओढला आणि गारचा दाब पडला, तर तो गरमचाही दाब तेवढाच पाडतो. म्हणजे प्रमाण राखतो, तापमान नाही. गरम पाणीच अचानक जास्त गरम आलं तर त्याला पत्ताही लागत नाही. आणि पुण्यात आमच्यासारखी ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे, त्यांच्याकडे नेमकं हेच होतं. पहिली दोन मिनिटं पाइपातलं गार पाणी, मग कोमट, आणि एप्रिलच्या दुपारी एकदम ७० च्या घरात. सोलर असेल तर प्रेशर बॅलन्स्डवर पैसे घालू नका, हे माझं स्पष्ट मत.

थर्मोस्टॅटिक तरी चालेल का? यातला सगळ्यात मोठा प्रश्न दाबाचा, आणि तो कोणी विचारत नाही. दहा मीटर पाण्याची उंची म्हणजे साधारण एक बार. आमची इमारत पार्किंगवर पाच मजले, गच्चीवर टाकी. मी दुसऱ्या मजल्यावर, शॉवरच्या वर पाण्याची उंची बारा मीटर भरते, म्हणजे सव्वा बारच्या आत-बाहेर. चालेल. पाचव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मिळतात तीन मीटर, ०.३ बार. युरोपातले बरेच मिक्सर एक बारच्या पुढेच नीट वागतात. शेजाऱ्यांनी तोच मिक्सर घेतला तर खाली फक्त ठिबकेल. माळ्यावरच्या टाकीवाल्या ब्रिटिशांचीही हीच अडचण होती, म्हणून युरोपात दोन वेगळी मानकं आहेत: नेहमीच्या दाबासाठी ईएन ११११ आणि कमी दाबासाठी ईएन १२८७. खोक्यावर हा आकडा आणि किमान दाब वाचा. वरच्या मजल्यावर पंप बसवणार असाल तर तो गरम-गार दोन्ही लाइनींना हवा. फक्त गार लाइनीला बसवला तर दोन बाजूंचा दाब विषम होतो आणि गार पाणी गरम लाइनीत घुसतं. ते होऊ नये म्हणून दोन्हीकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेतच, मिक्सरमध्ये नसतील तर बाहेरून.

गरम पाणी मुळात पुरेसं हवं, हे दुसरं. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर हिवाळ्यातलं १८ अंशांचं पाणी ४० पर्यंत नेताना मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. शॉवरला सहा-आठ लागतात. त्याच्यापुढे थर्मोस्टॅटिक मिक्सर म्हणजे सायकलला क्रूझ कंट्रोल. पंचवीस लिटरची टाकी ६० अंशांवर असेल तर ४० अंशांचं साधारण अठ्ठेचाळीस लिटर पाणी होतं, म्हणजे आठ लिटरच्या हिशोबानं सहा मिनिटं. (बादलीत हेच काम पंधरा-वीस लिटरमध्ये होतं. टँकरचं बिल भरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) आणि मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं 'गार' पाणीच ४० ला पोचलं तर जगातला कुठलाही मिक्सर त्याला थंड करू शकत नाही, तक्रार करून उपयोग नाही.

बोअरच्या जड पाण्याचं म्हणाल, तर कार्ट्रिजवर क्षार बसणारच. दोन्ही तोंडांना जाळी असलेला, आणि पुढून, टाइल न फोडता कार्ट्रिज काढता येईल असा मिक्सर निवडायचा. म्हणूनच मी भिंतीत लपवायचा देखणा प्रकार बाद केला आणि भिंतीबाहेरचा दांडावाला घेतोय. ३८ अंशांवर अडणारं बटण त्याला आहे, ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाबांसाठी त्याच्यापुढेही एक आतला स्टॉप लावून घेणार आहे.

प्लंबरकाकांना कागदावर दोनच गोष्टी लिहून दिल्यात. दोन पाइपांच्या मध्यात १५० मिलिमीटर अंतर, आणि समोरून बघताना गरम डावीकडे, गार उजवीकडे. साध्या नळाला हे उलटं झालं तर फक्त गोंधळ होतो. थर्मोस्टॅटिकला उलटं जोडलं तर मेणाची कुपी नेमकं चुकीचं काम करते: तापलं की गरमच वाढवते.

बसवून झाल्यावर मगात थर्मामीटर धरून ३८ ची खूण खरंच ३८ आहे का ते बघायचं. मग मिक्सर चालू ठेवून गार पाण्याचा कॉक पूर्ण बंद करायचा. चांगल्या मिक्सरनं काही सेकंदांत गरम पाणीही जवळपास बंद केलं पाहिजे. नाही केलं तर कार्ट्रिज बदलायचा. ही चाचणी वर्षातून एकदा करायची असते. आमच्याकडे ती दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ठरलीय, उटण्याच्या यादीसोबतच लिहून ठेवलीय.